छप्पर, भाकरी आणि काम



गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या गावच्या स्टेशनबाहेर दर शनिवारी रात्री काही ख्रिश्चन तरुण-तरुणी येतात. पुलाखाली झोपणाऱ्यांना गरम खिचडी वाढतात, कोणाच्या पायाची जखम धुऊन मलमपट्टी करतात, थंडीत चादरी वाटतात. या भगिनीने घरातल्या चार जुन्या पण धड चादरी धुऊन त्यांच्याकडे दिल्या. सासऱ्यांना ते पटले नाही. "हे लोक जेवणाबरोबर आपला धर्मही वाटतात. आपण त्यांना हातभार का लावायचा?" असे ते म्हणाले. घरात दोन दिवस अबोला राहिला. भगिनी विचारतात, "बाजी, मी केले ते चूक की बरोबर?"

सासऱ्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही आणि सुनेची कळकळही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. म्हणून लगेच निकाल देण्याऐवजी, बेघरांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या ख्रिश्चन संस्थेची हकीकत आधी सांगते. इंग्रजीत तिला सॅल्व्हेशन आर्मी म्हणतात, आपल्या मराठीत मुक्तिफौज. अहमदनगरचे बूथ हॉस्पिटल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नाव नवीन नाही. मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या मागच्या रस्त्यावरचे रेड शील्ड हॉस्टेलही त्यांचेच.

लंडनच्या पुलावर

या संस्थेचे संस्थापक विल्यम बूथ १८२९ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावी जन्मले. घरची परिस्थिती बिघडल्याने तेराव्या वर्षी त्यांना गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. आठवड्याच्या शेवटी नवऱ्याचा कोट गहाण ठेवून पोरांसाठी पाव नेणाऱ्या बायका त्यांनी तिथे पाहिल्या असणार. व्याजाचे चाक गरिबाला कसे भरडते, हे समजायला त्याहून चांगली शाळा नाही.

पुढे ते धर्मोपदेशक झाले. १८६५ साली त्यांनी पत्नी कॅथरीन यांच्यासह पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागात काम सुरू केले. ही गोदी कामगारांची, स्थलांतरितांची आणि दारूच्या गुत्त्यांची वस्ती. व्हाइटचॅपल रोडवरच्या एका गुत्त्यासमोर उभे राहून ते उपदेश करत. आज त्याच रस्त्यावर ईस्ट लंडन मशीद उभी आहे. १८७८ मध्ये संस्थेला मुक्तिफौज हे नाव मिळाले. गणवेश, बँड, झेंडे, हुद्दे असा सगळा लष्करी थाट आला. तिचे सभासद दारू, तंबाखू आणि जुगारापासून दूर राहण्याची शपथ घेतात. यामुळे गुत्तेवाले चिडले. 'स्केलेटन आर्मी' नावाने टोळकी जमवून मुक्तिफौजेच्या मिरवणुकांवर दगडफेक केली गेली.

सुरुवातीला हे काम मुख्यतः उपदेशाचे होते. बेघरांसाठी निवारा ही पुढची गोष्ट. १८८७ मधल्या एका रात्री बूथ लंडन ब्रिजवरून घरी परतत होते. पुलावरच्या खाचाकोपऱ्यांत, उघड्यावर माणसे झोपलेली त्यांना दिसली. सकाळी त्यांनी आपला मुलगा ब्रॅमवेल याला विचारले, हे तुला माहीत होते का? माहीत होते, असे उत्तर आले. मग काहीतरी कर, असे वडिलांनी बजावले. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, लाइमहाउस या गोदीच्या भागात पहिले अन्नकेंद्र आणि रात्रनिवारा उघडला.

त्या काळी इंग्लंडमध्ये बेघरांसाठी सरकारी व्यवस्था नव्हती असे नाही. १८३४ च्या कायद्याने उभी राहिलेली 'वर्कहाउस' होती. पण त्यांचा हेतूच असा होता, की माणसाला तिथे जाण्याची लाज वाटावी. नवरा एका विभागात, बायको दुसऱ्या आणि मुले तिसऱ्या विभागात. आसरा घ्यायचा तर कुटुंब मोडायचे. १८२४ च्या भटकेपणाच्या कायद्याने उघड्यावर झोपणे हाच गुन्हा ठरवला होता. थोडक्यात, घर नसेल तर तुरुंग किंवा तुरुंगासारखी जागा.

मुक्तिफौजेच्या निवाऱ्यात चार पेन्समध्ये रात्रीचे जेवण, अंथरूण आणि सकाळची न्याहारी मिळे. अंथरूण म्हणजे रांगेत मांडलेल्या लाकडी पेट्या. लोक त्यांना थट्टेने 'शवपेटी' म्हणत. पण आत ऊब होती, हातपाय धुवायला पाणी होते आणि बाहेरच्या पोलिसाचा धाक नव्हता. ज्याच्याकडे चार पेन्स नसत, त्याला काम करून ते फेडता येत. संध्याकाळी भजन आणि प्रवचन असे, हेही खरे.

घोड्याचा हक्क

१८९० मध्ये बूथ यांनी 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात कॅथरीन यांचे कर्करोगाने निधन झाले होते. पुस्तकातला एक मुद्दा मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगते. बूथ म्हणतात, लंडनच्या रस्त्यावर भाड्याच्या गाडीचा घोडा घसरून पडला, तर लोक त्याला आधी उभे करतात. तो दोष कोणाचा, निष्काळजीपणा कोणाचा, याची चौकशी करत बसत नाहीत. आणि घोडा जिवंत आहे तोवर त्याला तीन गोष्टी मिळतात. रात्री छप्पर, पोटाला दाणा आणि दिवसा काम. देशातल्या सुमारे तीस लाख माणसांना, म्हणजे दर दहातल्या एकाला, एवढेही मिळत नाही, असा त्यांचा अंदाज होता.

या तीन गोष्टींवर त्यांनी योजना मांडली. शहरात निवारे, अन्नकेंद्रे आणि काम मिळवून देणारे कार्यालय. मग खेड्यात शेती-वसाहत. एसेक्समधल्या हॅडली इथे १८९१ मध्ये अशी वसाहत सुरूही झाली. बेकार माणसे तिथे शेती करत, विटा पाडत. योजनेसाठी एक लाख पौंडांचे आवाहन केले, ते काही महिन्यांत पूर्ण झाले.

त्यांच्या आगपेट्यांच्या कारखान्याची गोष्ट तर मुलांना सांगावी अशी आहे. त्या काळी काड्यांच्या टोकाला पिवळा फॉस्फरस लावत. तो स्वस्त पडे, पण त्याच्या वाफेने कामगार बायकांच्या जबड्याची हाडे सडत. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींचा मोठा संप झाला होता. मुक्तिफौजेने १८९१ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. निर्धोक लाल फॉस्फरस वापरला, मजुरी इतरांपेक्षा बरीच जास्त दिली आणि पेटी थोडी महाग विकली. दहा वर्षांनी तो कारखाना बंद झाला. पण विषारी काडी वापरायची सक्ती कोणावर नाही, दुसरा रस्ता आहे, हे त्याने गिऱ्हाइकांना दाखवून दिले होते.

आणखी एक काम फारसे कोणाला माहीत नसते. १८८५ पासून ही संस्था हरवलेली माणसे शोधते. घर सोडून गेलेला मुलगा, पत्रे बंद झालेला नवरा, शहरात कामाला आलेली आणि गायब झालेली मुलगी, यांचा तपास. माणूस बेघर होतो तेव्हा त्याच्या भिंती तर जातातच, पण त्याला "जेवलास का?" असे विचारणारे कोणी उरत नाही. नाते परत जोडून देणे हीसुद्धा घर देण्याचीच एक रीत आहे.

मुंबईत उतरलेला फकीर

१९ सप्टेंबर १८८२ रोजी मुक्तिफौजेची चार माणसे बोटीने मुंबईला उतरली. त्यांचे प्रमुख फ्रेडरिक टकर. त्यांचा जन्म बिहारमधल्या मुंगेरचा. पंजाबात इंग्रज सरकारचे मोठे अधिकारी होते, ती नोकरी सोडून ते आले. त्यांनी भारतीय कपडे घातले, अनवाणी चालू लागले आणि फकीर सिंग हे नाव घेतले. एक गोरा साहेब भिक्षेचे भांडे घेऊन हिंडतो, हे मुंबईच्या इंग्रजांना फार झोंबले. रस्त्यावर मिरवणूक काढल्याने शांततेला धोका आहे, असे म्हणत पोलिसांनी त्यांना अटक केली. टकर यांनी तुरुंगवासही भोगला. तेव्हा कलकत्त्याचे ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांनी या अटकेविरुद्ध आवाज उठवला. धर्म वेगळा असूनही ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्या बाजूने उभे राहणे म्हणजे काय, याचा हा चांगला नमुना.

पण हकीकत इथेच संपवली तर ती अर्धी राहील. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने काही भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. १९०८ पासून अशा जमातींच्या काही वसाहती चालवायचे काम सरकारने मुक्तिफौजेकडे दिले. तिथे शिक्षण होते, कापड विणायचे काम होते. पण हजेरी होती, परवान्याशिवाय बाहेर पडायला बंदी होती. म्हणजे जी संस्था लंडनमध्ये बेघराला पोलिसाच्या धाकातून सोडवत होती, तीच हिंदुस्थानात सरकारच्या पहाऱ्याचा भाग झाली. या जमातींची कायद्यातून सुटका झाली १९५२ मध्ये. आपल्या महाराष्ट्रातल्या पारध्यांना विचारा, तो शिक्का अजून पुसलेला नाही.

या सगळ्यातून मला एक कसोटी मिळते. मदत घेतल्यावर माणूस जास्त मोकळा होतो की जास्त बांधला जातो? ही कसोटी ख्रिश्चन संस्थेला लावावी, सरकारला लावावी आणि आपल्या मशिदीच्या कमिटीलाही लावावी.

मस्जिद-ए-नबवीचा चबुतरा

आता आपल्या घरात पाहू. मदीनेत मस्जिद-ए-नबवीच्या एका बाजूला खजुराच्या फांद्यांनी शाकारलेला एक चबुतरा होता. त्याला सुफ्फा म्हणत. मक्केहून आणि बाहेरगावाहून आलेले, ज्यांचे मदीनेत घर नाही, नातेवाईक नाहीत, असे सहाबी तिथे राहत. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच. म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बेघरांना गावाबाहेर ठेवले नाही, मशिदीच्या दाराबाहेरही बसवले नाही, मशिदीच्या आत जागा दिली. संध्याकाळी ते त्यांना दोन-दोन, तीन-तीन असे वाटून सहाबींच्या घरी जेवायला पाठवत आणि स्वतःही काहींना घरी नेत. दिवसा तिथे शिक्षण चाले. ज्यांच्या अंगात ताकद होती ते लाकूडफाटा आणून विकत.

मागायला आलेल्या एका अन्सारीची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. प्रेषितांनी (स.) त्याच्या घरातली चादर आणि प्याला विकायला लावला, त्या पैशातून घरच्यांसाठी अन्न आणि कुऱ्हाड आणवली, स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवला आणि त्याला लाकडे तोडायला पाठवले. छप्पर, भाकरी आणि काम. बूथ यांनी घोड्याच्या उदाहरणाने जे सांगितले, ते आपल्याकडे बारा शतके आधी घडले होते. मग प्रश्न असा, की सुफ्फाची आठवण आपण खुतब्यात ऐकतो, ती मशिदीच्या पायऱ्यांवर का दिसत नाही?

आमच्याकडे काही नाही असे नाही. मुंबईत मुसाफिरखाने आहेत. माहीमला खानावळींसमोर रांगेत बसलेल्या भुकेल्यांना कोणीही पैसे भरून जेवू घालू शकतो आणि वाढणारा धर्म विचारत नाही. जकातीच्या आठ हकदारांत कुरआनने मुसाफिराचा वेगळा उल्लेख केला आहे. गावाहून रोजगारासाठी येऊन स्टेशनवर अडकलेला मजूर दुसरा कोण आहे? पण आपले बहुतेक देणे रमजानात आणि जुम्याच्या दिवशी नाण्यांच्या रूपाने होते. नाणे दिले, पुढे गेलो. त्या माणसाचे नाव काय, तो कुठून आला, हे विचारायला आपण थांबत नाही.

पत्त्याचा रकाना

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात फुटपाथवर राहणारी एक मुलगी होती. वय न्याहाळून अंदाजे लिहिले होते. शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी ती येई. मला वाटे, अभ्यासाची आवड. मग कळले, शाळेच्या नळाला त्या वेळी पाणी असते. बाहेर शौचालयाला पैसे, आंघोळीला पैसे. दुसऱ्या तासाला तिला झोप येई, कारण रात्री आई आणि ती आळीपाळीने जागत. दोघी एकदम झोपल्या तर सामान जाते किंवा त्याहून वाईट काही घडते. एक दिवस अतिक्रमण हटवणारी गाडी आली आणि त्यांची पिशवी उचलून घेऊन गेली. त्यात तिचा जन्माचा दाखला होता. बेघराला सगळ्यात जास्त उणीव कशाची भासते, तर आपली वस्तू ठेवून निर्धास्तपणे कामावर जाता येईल अशा एका कोपऱ्याची.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार. एवढ्या माणसांना शनिवारच्या खिचडीने पुरे पडणार नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे बारमाही निवारा असावा असे बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातही तशी तरतूद झाली. तुमच्या शहरात असे निवारे किती आणि कुठे आहेत, हे नगरसेवकाला विचारा. स्त्रियांसाठी वेगळा आहे का, कुटुंबाला एकत्र राहता येते का, हेही विचारा. दुसरीकडे १९५९ चा भीक-प्रतिबंधक कायदा आहे. याच मुंबई कायद्याच्या दिल्लीत लागू असलेल्या मुख्य तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या. गरिबी हा गुन्हा नाही, ही समज आपल्याकडे किती उशिरा येते आहे ते पाहा.

आता भगिनीच्या प्रश्नाकडे

सूरह इन्सान मध्ये अल्लाहचे नेक बंदे कसे असतात ते सांगितले आहे. ते गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालतात आणि बदल्यात ना मोबदला मागतात ना आभार. माझ्या समजुतीने, जेवणाच्या बदल्यात समोरच्याने आपला धर्म घ्यावा ही अपेक्षा हासुद्धा मोबदलाच. ती ख्रिश्चनाने ठेवली तरी, आणि आपण ठेवली तरी. भुकेल्याच्या लाचारीत कोणाचीच दावत शोभत नाही. म्हणून सासऱ्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तपासून मिळू शकते. एका शनिवारी त्यांना सोबत घेऊन तिथे जा. जेवणाआधी प्रार्थनेची अट आहे का? नको म्हणणाऱ्याचेही ताट भरले जाते का? आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवतात का? हे डोळ्यांनी पाहा.

अट नसेल, तर त्यांच्याबरोबर हात लावण्यात मला काही वावगे दिसत नाही. नुबुव्वत मिळण्याआधी प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत हिल्फुल फुजूल नावाच्या करारात सामील झाले होते. ज्याच्यावर अन्याय होईल, तो कोणीही असो, त्याच्या पाठीशी उभे राहायचे, असा तो करार. त्यात सारे वेगवेगळ्या कबिल्यांचे आणि त्या काळच्या श्रद्धांचे लोक होते. पुढे मदीनेतही ते म्हणत, की तशा कामाला बोलावले तर मी आजही जाईन. हजरत उमर (रजि.) यांनी एका म्हाताऱ्या यहुद्याला दारोदार मागताना पाहिले, तेव्हा त्याला बैतुलमालमधून वेतन लावून दिले. जकातीचे बारीक मसले आलिमांना विचारून घ्या. पण आपल्या खुशीचा सदका आणि धुतलेली चादर द्यायला समोरच्याचा धर्म आड येत नाही. भगिनी, तुम्ही केले ते बरोबरच केले.

आणि चादरीपुढेही करण्यासारखे बरेच आहे. रस्त्यावर एकटे मूल दिसले तर १०९८ ला फोन करा, बेशुद्ध किंवा आजारी माणूस दिसला तर १०८ ला. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदा तसे सांगतो. अशा आईबरोबर मुख्याध्यापकांकडे जायला तुमच्यापैकी एकीने अर्धा दिवस काढला, तरी मुलाचे आयुष्य बदलते. बेघराचे नाव मतदारयादीत येऊ शकते. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहिली, की निवडणूक कर्मचारी रात्री येऊन खात्री करतो, पत्त्याचा कागद लागत नाही. मत देणाऱ्या माणसाला उठवताना गाडीवाला दोनदा विचार करतो.

मशिदीच्या कमिटीत ज्यांचे अब्बा, भाऊ किंवा शौहर असतील, त्यांनी घरात एक गोष्ट बोलून पाहावी. वजूखान्याशेजारी कुलूप लागणारी दहा छोटी कपाटे आणि सकाळी तासभर उघडे असलेले एक न्हाणीघर. खर्च फार नाही. पिशवी सुरक्षित राहिली आणि अंग स्वच्छ झाले, की माणूस कामाला जाऊ शकतो.

शनिवारच्या त्या तरुणांना भगिनीने आणखी एक विचारावे. बाकीच्या सहा रात्री तिथे कोण येते? कोणी येत नसेल, तर इंशाअल्लाह त्यातली एक रात्र आपल्या मोहल्ल्याने घ्यावी. फलक नको, फोटो नको. भांडे गरम असावे आणि वाढणाऱ्याने समोरच्याचे नाव विचारावे.